ऑफिसातली उमेद नक्की कशाने जाते? मॅस्लो, हर्झबर्ग, अ‍ॅडम्स आणि आपला अप्रेझलचा मोसम

माटुंगा_रोड (धागाकर्ती)

अंधेरीच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सची टीम सांभाळते. व्हेंडरची बिलं पास करणं, जीएसटीचा मेळ घालणं, महिनाअखेरीला पुस्तकं बंद करणं असं काम. अप्रेझलचा मोसम आला की आम्हा टीम लीडर मंडळींना एक दिवस ट्रेनिंगला बसवतात आणि पडद्यावर मानसशास्त्रज्ञ मॅस्लोचा, माणसाच्या गरजांचा त्रिकोण येतो. तळाशी भूक आणि निवारा, त्यावर सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मान आणि टोकावर स्वतःतलं सर्वोत्तम गाठणं. पुढची स्लाइड ठरलेली असते: तुमच्या माणसांना वरच्या पायरीवर न्या.

मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात त्रिकोण कुठेच नाही. तो नंतर व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी आणि सल्लागारांनी काढला. खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची जागी होत नाही हा समज चुकीचा आहे, असं मॅस्लो स्वतःच त्या लेखात लिहितो. उदाहरणादाखल तो आकडेही मांडतो: सर्वसाधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेची ७०, आपलेपणाची ५०, मानाची ४० आणि सर्वांत वरची १० टक्के भागलेली असू शकते. म्हणजे सगळ्याच गरजा एकाच वेळी थोड्या थोड्या अपुऱ्या. मला हे चित्र फार खरं वाटतं. आमच्याकडची एक मुलगी नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहते, गाडीत उभं राहून येते, आणि तरी बँकेच्या मेळात एक रुपयाचा फरक राहिला तर तो सापडेपर्यंत उठत नाही. तिची तळाची पायरी कुठे पूर्ण झालेली आहे?

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. माझ्या टीममधला सर्वांत भरवशाचा माणूस बरीच वर्षं इथे आहे. मध्यंतरी त्याच्याच कामासाठी बाहेरून एकाला घेतलं. नव्याला काम यानेच शिकवलं. टॅक्स डिक्लरेशन भरताना दोघं शेजारी बसले होते, तेव्हा नव्याचा पगार याच्या नजरेस पडला. याच्यापेक्षा बराच जास्त. त्यानंतर याच्या हातून एकही चूक झालेली नाही, एक दिवस उशीर नाही. फक्त कोणी न सांगता जी कामं तो करायचा, ती बंद झाली. आधी बिलावर जीएसटी नंबर चुकलेला दिसला की हा लगेच व्हेंडरला फोन लावायचा, दुरुस्त बिल मागवायचा, आणि आमचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकायचं नाही. आता तो बिलावर पेन्सिलने 'होल्ड' लिहितो आणि ट्रेमध्ये ठेवतो. नियमाने यात काहीच गैर नाही.

मॅस्लोकडे याचं उत्तर मला सापडलं नाही. जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या समतेच्या सिद्धांतात मात्र हा माणूस जसाच्या तसा आहे. अ‍ॅडम्सचं म्हणणं असं की माणूस स्वतःचा पगार एकटा धरून मोजत नाही. आपण काय घालतो आणि आपल्याला काय मिळतं याचं गुणोत्तर तो शेजाऱ्याच्या गुणोत्तराशी ताडून बघतो. दोन्हींत तफावत दिसली की मनाला स्वस्थता राहत नाही आणि ती मिटवायला तो काहीतरी करतो: जास्त मागतो, तुलनेसाठी दुसरा माणूस धरतो, नोकरी सोडतो, नाहीतर आपल्या बाजूने घालायचं ते कमी करतो. माझ्या माणसाने शेवटचा मार्ग घेतला.

माझं मत असं झालंय की उमेद वाढवायच्या सगळ्या सिद्धांतांच्या आधी हा एक सिद्धांत टीम लीडरला शिकवायला हवा. अन्याय तसाच ठेवून केलेलं कौतुक लागू पडत नाही. तुमच्या कामाच्या ठिकाणी काय अनुभव आहे? कुठला सिद्धांत खरोखर उपयोगी पडला?

एचआर_ठाणे

ताई, विषय महत्त्वाचा मांडलात. मी याच क्षेत्रात आहे, म्हणून आधी हे सांगते की नव्याला जास्त पगार का मिळतो. भरतीचं बजेट वेगळ्या खिशातून येतं आणि पगारवाढीचं वेगळ्या. भरती बाजारभावाने होते, पगारवाढ मात्र गेल्या वर्षीच्या पगारावर टक्के लावून. बाजार पुढे गेला की जुना माणूस आपोआप मागे पडतो. कोणी ठरवून अन्याय करत नाही, पण परिणाम तोच होतो, आणि तो ज्याच्या वाट्याला येतो त्याला कारणाशी देणंघेणं नसतं.

पण 'अन्याय आधी' म्हणताना पैशाची थेट ताकद विसरू नये. एडवर्ड लाझिअर या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेत गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट कंपनीचा अभ्यास केला, तो २००० साली छापून आला. तासाप्रमाणे पगार बंद करून बसवलेल्या काचेप्रमाणे पैसे सुरू केले, तर माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढलं. त्यातली साधारण निम्मी वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्यामुळे होती. उरलेली, चांगले कारागीर टिकले आणि नवे आले त्यामुळे. आपल्याकडचं उदाहरण उदयपूर जिल्ह्यातलं आहे. सेवा मंदिर या स्वयंसेवी संस्थेच्या एकशिक्षकी शाळांमध्ये शिक्षकांना कॅमेरे दिले, रोज सकाळ-संध्याकाळ मुलांसोबत फोटो काढायचा आणि भरलेल्या दिवसांवर पगार. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली, आणि मुलांचे गुणही वाढले.

तेव्हा पैसा उमेद देत नाही असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. काम मोजता येतं का आणि माणसाच्या हातात आहे का, यावर ते ठरतं. काच मोजता येते. तुमच्या माणसाने व्हेंडरला केलेला फोन मोजता येत नाही.

विरार_फास्ट

ताई, तुमचा 'होल्ड'वाला प्रसंग वाचून आमच्या फ्लोअरवरचे दोघं-तिघं डोळ्यासमोर आले.

मला डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचा सिद्धांत सर्वांत पटतो. माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवता येणं, काम जमतंय ही जाणीव, आणि सोबतच्या माणसांशी नातं. डेसीचा १९७१ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मधल्या सत्रात सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक डॉलर दिला. पुढच्या सत्रात पैसे बंद केल्यावर मोकळ्या वेळात त्यांनी कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला. आवडीचं काम होतं, त्याचा हिशेब झाला.

मुंबईत मला पहिला मुद्दा, म्हणजे आपलं आपण ठरवणं, थेट वेळेशी जोडलेला दिसतो. आमच्याकडे महिन्यात तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस रजा कापतात. पावसाळ्यात गाड्या पाऊण तास मागे असतात हे सगळ्या मुंबईला माहीत आहे, मस्टरला माहीत नाही. याचा परिणाम बघा. तिसरा लेट मार्क होणार हे ज्याला बोरिवलीलाच कळतं, तो घाई सोडून देतो. अर्धा दिवस जाणारच आहे तर दुपारी एकला येतो. दहा मिनिटांचा उशीर वाचवायला केलेल्या नियमाने कंपनीचे तीन तास जातात, आणि त्या माणसाला अपराधीही वाटत नाही, कारण त्याने भरपाई केलेली असते.

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा अभ्यास नेमका हाच आहे, ग्नीझी आणि रुस्तिकिनी, २०००. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे वाढून जवळजवळ दुप्पट झाले. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवतोय याची लाज वाटायची. दंड लागल्यावर ती विकत घेतलेली सोय झाली. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही.

आमच्या आधीच्या मॅनेजरने लेट मार्क न लावता एवढंच सांगितलं होतं की अकरा ते चार सगळे जागेवर हवेत, बाकी आपापली गाडी बघून या. त्या वर्षी टीममधून कोणी सोडून गेलं नाही. नवे साहेब आले, थम्ब मशीन आलं आणि मंडळी नोकऱ्या शोधायला लागली.

लालबागकर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी निवृत्त आहे. वडील गिरणीत साचे खात्यात होते, मी स्वतः इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि पुढे युनियनच्या कमिटीत काम केलं. या सिद्धांतांबद्दल मला एक तक्रार आहे. सगळे सिद्धांत एकेका माणसाच्या डोक्यात शिरून बघतात. कामगार एकटा नसतो, तो खात्यात असतो.

शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रयोगांचं नाव सगळे घेतात. १९२४ ते १९३२ ते चालले. लोक त्यातली दिव्यांच्या उजेडाची गोष्ट सांगतात, लक्ष दिलं की माणूस जास्त काम करतो ही. मला त्यातली शेवटची खोली महत्त्वाची वाटते, जिथे १४ माणसं टेलिफोनच्या स्विचबोर्डच्या वायरी जोडत होती. गटाने जास्त काम केलं तर सगळ्यांना जास्त पैसे मिळणार होते. तरीही त्यांनी आपसांत दिवसाचं काम ठरवून टाकलं होतं आणि त्याच्या वर कोणी जात नव्हतं. जो जाईल त्याच्या दंडावर बाकीचे गुद्दा मारायचे. साहेबांना वाटलं ही अडाणी माणसं आहेत, स्वतःचा फायदा कळत नाही. त्यांना कळत होतं. आज जास्त माल काढला तर उद्या तोच माल रोजचा कोटा होईल आणि दर खाली येईल, किंवा माणसं कमी होतील, ही भीती होती.

आमच्या शॉपमध्ये हेच होतं. टाइम-स्टडीवाला घड्याळ घेऊन लेथजवळ उभा राहिला की आमचे जुने टर्नर फीड कमी करायचे, टूल दोनदा घासून आणायचे, जॉब तीन वेळा गेजला लावून बघायचे. तो गेला की मशीन आपल्या चालीवर. यात आळस नव्हता. तीच माणसं एखादा बिघडलेला जॉब वाचवायला पाळी संपल्यावर थांबायची. मॅनेजमेंटच्या शब्दावर विश्वास नव्हता, एवढंच.

व्रूमचा १९६४ चा अपेक्षेचा सिद्धांत कमिटीतल्या एका प्राध्यापकांनी आम्हाला शिकवला होता, तो इथे चपखल बसतो. मी कष्ट केले तर काम होईल का, काम झालं तर कबूल केलेलं मिळेल का, आणि जे मिळेल ते मला हवंय का, या तिन्हींचा गुणाकार. एक जरी शून्य झाला तरी सगळं शून्य. आमचा मधला आकडा शून्य होता.

बोनसबद्दलही बोलतो, कारण तो आजच्या मुलांना बक्षीस वाटतो. गिरणगावात बोनस म्हणजे राहिलेला पगार, अशीच समजूत होती. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ४ टक्के आणि कमाल २० टक्के ठरवले, पुढे किमान ८.३३ टक्के झाले. ८.३३ म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एक महिन्याचा पगार. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरूनच ठिणगी पडली आणि १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मागण्यांत पगार होता, बदली कामगारांना कायम करणं होतं. पण त्याच्या बरोबरीने एक मागणी होती ती आपली युनियन आपण निवडण्याची. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एका उद्योगात एकच संघटना मान्यताप्राप्त, आणि बोलणी फक्त तिच्याशी. कामगारांना वाटत होतं की आपल्या वतीने जो सही करतो तो आपला नाही. वडील सांगायचे, पगाराचं पुढेमागे बघता आलं असतं, आम्हाला विचारत नव्हते याचा राग जास्त होता. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्याचं पुढे काय झालं ते परळ-लोअर परळमधून चालताना दिसतं.

विरार_फास्टने जे आपलं आपण ठरवण्याबद्दल लिहिलंय, ते आमच्या पिढीत या भाषेत होतं.

शाखाधिकारी

काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी बँकेत आहे, सध्या मुंबईत एका शाखेत.

इथे लॉक आणि लॅथम यांचं नाव अजून आलं नाही. 'जमेल तसं करा' म्हणण्यापेक्षा नेमकं आणि अवघड पण गाठता येईल असं उद्दिष्ट दिलं तर काम जास्त होतं, हे त्यांनी अनेक प्रयोगांनी दाखवलं. ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकचं उदाहरण १९७५ मध्ये छापलं गेलं. ड्रायव्हर कायद्याने मंजूर वजनाच्या साधारण ६० टक्केच माल भरत होते. त्यांना ९४ टक्क्यांचं उद्दिष्ट दिलं, एक पैसाही जास्त न देता. भरणा ९० टक्क्यांच्या वर गेला आणि तिथे टिकला.

हे वाचून कुठल्याही झोनल ऑफिसला आनंद होईल. पण ट्रकमध्ये माल भरणं आणि काउंटरवर आलेल्या पेन्शनर आजोबांना विमा पॉलिसी देणं यात फरक आहे. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत एका ग्राहकाला आठ प्रॉडक्ट विकायचं उद्दिष्ट होतं. २०१६ मध्ये उघड झालं की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता सुमारे २० लाख खाती उघडली असावीत. बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि ५,३०० च्या आसपास माणसं कामावरून काढली गेली. ती सगळी माणसं जन्मजात लबाड होती असं मी मानत नाही. उद्दिष्ट नेमकं होतं, अवघड होतं, रोज संध्याकाळी विचारलं जात होतं. गाठता येण्यासारखं मात्र नव्हतं.

माझ्या कामात उमेद कुठे राहिली आहे ते सांगतो. शैक्षणिक कर्जाची फाइल एखाद्या गरजू मुलाच्या अ‍ॅडमिशनच्या तारखेआधी मंजूर झाली की त्या दिवशी मला कुठल्याही ट्रेनिंगची गरज लागत नाही. संध्याकाळच्या रिव्ह्यू कॉलवर त्या फाइलबद्दल कोणी विचारत नाही. विचारतात ते पॉलिसी किती गेल्या.

मुलुंड_पूर्व

एवढे परदेशी सिद्धांत कशाला? कर्मण्येवाधिकारस्ते. फळाची अपेक्षा सोडून काम केलं तर हे प्रश्नच उरत नाहीत.

पाळीवाली_सिस्टर

मुलुंड_पूर्व, गीतेबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. तो श्लोक माणसाने स्वतःला सांगायचा आहे. स्टाफ अपुरा असताना वरच्याने खालच्याला सांगायचा नाही. मी सार्वजनिक रुग्णालयात परिसेविका आहे आणि तो आम्हाला बऱ्याच कार्यक्रमांत ऐकवला जातो.

वर शाखाधिकाऱ्यांनी लिहिलंय तसं अर्थपूर्ण काम आमच्याकडे भरपूर आहे. कोणाला प्रेरणा शोधायला जावं लागत नाही, ती समोर खाटेवर असते. म्हणूनच मला हर्झबर्ग जवळचा वाटतो. त्याने पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट मंडळींना विचारलं की कामावर विशेष चांगलं कधी वाटलं आणि विशेष वाईट कधी. १९५९ मध्ये त्याने निष्कर्ष मांडला की समाधान देणाऱ्या गोष्टी आणि असमाधान करणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत. काम पार पडणं, दखल, जबाबदारी, बढती यांनी समाधान येतं. पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा हे बिघडलं तर असमाधान होतं, पण ते नीट असलं म्हणून माणूस आनंदाने काम करेलच असं नाही. त्यावर टीकाही रास्त आहे: चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला घेतो आणि वाईट झालं की बोट बाहेर दाखवतो, त्यामुळे अशी विभागणी प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतूनच येऊ शकते.

तरी वॉर्डात मला ती रोज दिसते. नाइटला मंजूर संख्येपेक्षा कमी सिस्टर असतात. हॅन्डओव्हर घेताना इन्फ्युजन पंप किती चालू आहेत ते आधी मोजते, कारण एक बंद असला तर रात्रभर थेंब हाताने मोजायचे. बायकांची चेंजिंग रूम दोन मजले खाली, तिचं कुलूप बिघडलेलं. या गोष्टी दुरुस्त झाल्या तर मी जास्त मायेने काम करीन असं नाही. माया आहेच. ती पाळी संपेपर्यंत पुरते की नाही, एवढा फरक पडेल.

बोनसचंही तसंच. मुंबई महापालिकेने दिवाळीला सानुग्रह अनुदान २०२२ मध्ये २२,५०० रुपये दिलं, २०२३ मध्ये २६,००० आणि २०२४ मध्ये २९,०००. ते मिळालं म्हणून दिवाळीनंतर कोणी जास्त झटून काम करतं असं मी पाहिलेलं नाही. आणि ते मिळायलाच हवं, घरात फराळ आणि मुलांचे कपडे त्या पैशातून होतात. एखाद्या वर्षी दिलं नाही तर काय होईल ते सांगायला नको. हर्झबर्गचा मुद्दा याहून स्पष्ट कुठे दिसणार?

साकीनाका_वर्कशॉप

माझं छोटं वर्कशॉप आहे, शीट मेटलचं. पॅनेल, ब्रॅकेट, इलेक्ट्रिकल बॉक्स. मालकाच्या बाजूने कोणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो.

मॅक्ग्रेगरने १९६० मध्ये म्हटलं की मालक दोन समजुतींपैकी एक धरून चालतो. एक, माणूस मुळात कामचुकार, त्याच्यावर नजर ठेवली पाहिजे. दुसरी, माणसाला काम खेळाइतकंच स्वाभाविक आहे, जबाबदारी दिली तर तो घेतो. पहिलीला त्याने क्ष म्हटलं, दुसरीला य. यातलं मला सर्वांत पटलेलं हे की पहिली समजूत स्वतःला खरी करून दाखवते. नजर ठेवलेला माणूस नजर हटली की थांबतो, आणि मालक म्हणतो, बघा, मी सांगत होतो.

आमच्याकडे प्रेस ब्रेकवर वाकवलेल्या पट्ट्यांचं रिजेक्शन फार होतं. इन्स्पेक्टर ठेवला, तो माल बाजूला काढायचा, ऑपरेटर म्हणायचा मटेरियल खराब आहे. मग इन्स्पेक्टरचं काम ऑपरेटरलाच दिलं. माप घ्यायचं व्हर्निअर त्याच्या हातात, पहिला पीस त्यानेच तपासायचा, खडूने पाटीवर माप लिहायचं, शंका आली तर मशीन त्यानेच थांबवायचं, मला विचारायला यायचं नाही. पहिले काही दिवस मशीन इतकं थांबलं की ऑर्डर अडकली. पण तो थांबवत होता ते बरोबर होतं. शीटची जाडी लॉटप्रमाणे बदलत होती आणि हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. आता नवीन लॉट आला की तो आधी जाडी बघतो आणि मला सप्लायरचं नाव घेऊन बोलतो.

लालबागकर काकांनी खात्याचा मुद्दा काढला, त्यावर अहमदाबादच्या कॅलिको मिलचा प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. ऑटोमॅटिक मागांच्या शेडमध्ये २२४ मागांवर २९ माणसं आणि १२ प्रकारची कामं होती. प्रत्येक जण आपापल्या तुकड्याचा, पूर्ण मागाला जबाबदार कोणीच नाही. राइसने लहान गट सुचवले, एका गटाकडे ठरावीक माग, गटाने आपलं काम आपसांत वाटून घ्यायचं. ही कल्पना कामगारांनी आणि जॉबरांनी (मुकादमांनी) स्वतः उचलून धरली, गट त्यांनीच बांधले. कापड वाढलं आणि खराबी कमी झाली. हे आपल्या शेजारी सत्तर वर्षांपूर्वी झालंय, मग ट्रेनिंगमध्ये सांगत का नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मॅक्लेलंडचंही तसंच. माणसात काही करून दाखवायची ओढ असते आणि ती प्रशिक्षणाने वाढवता येते, हे त्याने आंध्रातल्या काकीनाड्याला लहान व्यावसायिकांवर १९६४ मध्ये करून पाहिलं. प्रशिक्षण घेतलेल्यांनी नंतर जास्त गुंतवणूक केली, नवे धंदे काढले.

एक मात्र नक्की. हे सगळं मी करू शकलो कारण पगार दहा तारखेच्या आत होतो आणि अडीअडचणीला उचल मिळते. ज्या शेजाऱ्याकडे पगार पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला होतो त्याने व्हर्निअर वाटून काही होणार नाही.

एचआर_ठाणे

वर्कशॉपवाल्या दादांचं उदाहरण अप्रतिम. मला परवानगी असेल तर ट्रेनिंगमध्ये वापरीन, नाव-गाव न सांगता.

सिस्टर, बोनसबद्दलचं पटलं. आणखी एक जोडते. मदुराईच्या आसपास डॅन अ‍ॅरिएली आणि सहकाऱ्यांनी खेळ आणि कोडी देऊन प्रयोग केला होता, २००९ मध्ये छापला. सर्वांत मोठ्या बक्षिसाची रक्कम तिथल्या माणसाच्या काही महिन्यांच्या खर्चाएवढी होती. तो गट सर्वांत वाईट खेळला. वर्षाच्या पगाराचा मोठा हिस्सा व्हेरिएबलवर, म्हणजे कामगिरीप्रमाणे कमीजास्त होणाऱ्या रकमेवर, टांगून ठेवणाऱ्या कंपन्यांनी हे लक्षात घ्यायला हवं, विशेषतः ज्या कामात डोकं शांत लागतं तिथे.

धागाकर्ती, तुमच्या माणसाचं पुढे काय?

माटुंगा_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा प्रतिसाद मी घरी बाबांना वाचून दाखवला, त्यांच्या ओळखीची बरीच माणसं त्या संपात होती.

माझं मत थोडं बदललं आहे. अ‍ॅडम्स पहिला, हे अजूनही म्हणते. पण तफावत फक्त पगाराची नाही हे काका, सिस्टर आणि वर्कशॉपवाले दादा यांच्यामुळे दिसलं. त्या माणसाने नव्याला काम शिकवलं, आणि नव्याला घेताना त्याला कोणी विचारलंही नाही. दोन वेगळे हिशेब आहेत आणि दोन्ही थकलेले आहेत. पहिला माझ्या हातात पूर्ण नाही, दुसरा आहे.

त्याच्याशी बोलले. तुला जे दिसलं ते मला माहीत आहे, आणि ते बरोबर नाही, एवढं स्पष्ट सांगितलं. कौतुकाचं काहीच बोलले नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मॅडम, मला वाटलं तुम्हालाही ते ठीकच वाटतंय.

एचआर_ठाणे, एक विचारायचं आहे. पगाराची दुरुस्ती अप्रेझलमधून मागू की वेगळी? मला अप्रेझलच्या टक्क्यांत ती बसणार नाही अशी भीती आहे.

एचआर_ठाणे

वेगळी मागा. अप्रेझलमध्ये घातलीत तर तुमच्या टीमच्या एकूण टक्क्यांतून जाईल आणि दुसऱ्या कोणाचं तरी कमी होईल, म्हणजे तोच प्रश्न नव्या माणसाकडे सरकेल. करेक्शन म्हणून स्वतंत्र नोट पाठवा. त्यात 'नाराज आहे' हा शब्द नको. त्याच कामाचा भरतीचा दर, त्याचा आजचा पगार, आणि तो गेला तर बदली माणूस आजच्या दराने घ्यायला काय लागेल, हे तीन आकडे द्या. अडकलेल्या इनपुट क्रेडिटची रक्कम काढता आली तर तीही जोडा. फायनान्सचा साहेब ती ओळ वाचून थांबेल. आणि नोट मार्चच्या आधी जाऊ दे, नव्या वर्षाचं बजेट एकदा बंद झालं की सगळे सहानुभूती दाखवतात आणि सही कोणी करत नाही.

माटुंगा_रोड

क्रेडिटची रक्कम काढते आहे, ट्रेमधली होल्ड बिलं घेऊनच बसले आहे. नोट या आठवड्यात जाईल.

साकीनाका_वर्कशॉप दादा, पहिला पीस ऑपरेटरने तपासायचा हे अकाउंट्समध्ये कसं आणता येईल यावर तुमच्याशी बोलायचं आहे. आमच्याकडे बिल तीन हातांतून जातं आणि शेवटी चूक सापडली की पहिल्यापर्यंत ती परत पोचतच नाही.

साकीनाका_वर्कशॉप

नक्की बोलू. तोवर एक करून बघा. चूक ज्याला सापडते त्याने ती स्वतः दुरुस्त करू नये, ज्याच्या हातून झाली त्याच्याकडे त्याच दिवशी कागद परत पाठवावा, आणि त्या कागदावर साहेबांची सही लागू नये. आमच्याकडे साहेब मध्ये असेपर्यंत ऑपरेटर चूक लपवायचे. पाटी त्यांची त्यांच्यातच राहिली तेव्हा ते एकमेकांना दाखवायला लागले.